कानवाले गठ्ठे

१

सुचित्राबाई मोहरील चहा गाळत होत्या तेव्हा फोन वाजला, आणि त्या दिवशी तो चहा गाळायचा राहिला तो राहिलाच.

फोन नागपूरकडून होता. घातक कचरा जिथं नियमाप्रमाणे जमिनीत पुरतात, त्या जागेवरचा माणूस बोलत होता. दिग्रसहून आलेला ट्रक उतरवताना एका गठ्ठ्याचं प्लॅस्टिक फाटलं म्हणे. आत पत्रे नव्हते. मग त्यांनी सगळेच गठ्ठे उघडून पाहिले.

"मॅडम, सगळ्यात कवेलू आहेत," तो म्हणाला. "लाल मातीचे कवेलू, छपरावरची कौलं. कवेलू पुरायला आमच्याकडे जागा नाही. ट्रक परत पाठवतो."

सुचित्राबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गठ्ठ्यांत त्यांच्या घराचे जुने शिमिटाचे पत्रे होते, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे. त्यांच्या हयातीत त्यांनी जेवढ्या काळजीने कोणाचं लग्नसुद्धा लावलं नव्हतं, तेवढ्या काळजीने ते पत्रे उतरवले होते.

त्याला कारण होतं. त्यांचे यजमान दिवाकरराव पत्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. घर बांधलं तेव्हा तिथूनच स्वस्तात पत्रे आणले, स्वतः उभं राहून चढवले, आणि खालून आभाळी निळा रंग स्वतःच्या हाताने मारला. पुढे निवृत्तीनंतर त्यांना दम लागायला लागला. शेवटच्या वर्षात तर दारापासून तुळशीपर्यंत जायचं तरी मध्ये बसावं लागायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो लावून दाखवलं की त्या पत्र्याचे बारीक धागे छातीत जाऊन बसलेत, आणि गेलेला धागा बाहेर येत नाही. त्या वेळी दवाखान्यात सुचित्राबाईंच्या शेजारी एकच माणूस उभा होता, त्यांचा धाकटा दीर नंदकिशोर.

घर दोघा भावांचं, छप्पर एकच. नंदकिशोरची नात खुशी हिवाळ्यात खोकायला लागली तेव्हा त्यानंच विषय काढला. वहिनी, हे पत्रे आता काढून टाकू, लेकरू खोकलून राह्यलं. सुचित्राबाईंना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी माहिती काढली, परवानगी काढली, घरादाराला यवतमाळला नातेवाइकांकडे धाडलं आणि खेमसिंग मिस्त्रीच्या माणसांना मास्क अन् अंगभर कपडे चढवून कामाला लावलं. पत्रा आधी साबणाच्या पाण्याने ओला करायचा, मगच बोल्ट फिरवायचा. तोडायचा नाही, आपटायचा नाही, आरी तर दाखवायचीच नाही. जाड प्लॅस्टिकचे दोन थर, वर चिकटपट्टी, त्यावर धोक्याचं लाल चित्र. शेवटी मास्कसुद्धा त्याच गठ्ठ्यात. लोक हसले. मोहरीलबाई पत्र्याचं बारसं करून राह्यल्या म्हणाले. हसोत बापडे.

ट्रक मिळेपर्यंत गठ्ठे शेजारच्या रजतच्या जिनिंगमध्ये ठेवले होते. त्या वर्षी कापसाचं असं वाटोळं झालं होतं की जिन बंदच होती, गोदाम मोकळं पडलं होतं. पोळा झाल्यावर ट्रक आला, सुचित्राबाईंनी रस्त्याच्या कडेला उभं राहून गठ्ठे मोजून चढवले. मोजणी बरोबर होती. आता आत कवेलू निघाले.

सोनं चोरलं असतं तर त्या एवढ्या पेटल्या नसत्या. सोनं चोरलं की चोर श्रीमंत होतो, बस. हे पत्रे ज्यानं नेले तो ते कुठंतरी चढवणार. चढवताना मापाला बसत नाहीत म्हणून आरीने कापणार. कापले की पांढरी भुकटी उडणार, आणि त्या छपराखाली कोणीतरी जेवणार, झोपणार. दिवाकररावांचं शेवटचं वर्ष कोणाच्यातरी घरात पुन्हा सुरू होणार. ते पत्रे सापडले पाहिजेत, आणि लवकर सापडले पाहिजेत, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

नंदकिशोरला सांगितलं तर तो वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, गेली पीडा म्हणा वहिनी. आपल्या घरातून गेले ना? कोणी गरिबानं नेले असतील. शोधाले कायले जाता?

"गरिबानं नेले असतील म्हणूनच जाते," सुचित्राबाई म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

२

पहिला राग खेमसिंगवर निघाला. तसं होणं साहजिक होतं. गठ्ठे त्याच्या माणसांनी बांधले, जुन्या पत्र्याला गिऱ्हाईक असतं हे त्याला ठाऊक, आणि बिचारा बंजारा तांड्यातला असल्यामुळे संशय घ्यायला गावाला सोपा. सुचित्राबाईंनी त्याला बाजारातल्या टपरीवरून उठवून चार लोकांत विचारलं. बोलल्या त्या जरा जास्तच.

खेमसिंग रागाने लाल झाला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की बाईंनी काम करताना त्याला घरी जाऊन अंगावरचे कपडे वेगळे धुवायला लावले, बायकोनं विचारलं काय झालं, तेव्हा त्यानं बायकोला सगळं समजावून सांगितलं. आता तेच पत्रे तो कोणाच्या घरावर चढवेल का? पण हे त्याने शांतपणे सांगितलं नाही. त्याने हातातला कप टपरीच्या फळीवर आदळला आणि पाठ फिरवून निघून गेला.

माणूस रागावला म्हणजे खरा असतो असं नाही. सुचित्राबाईंनी सहकार खात्यात आयुष्यभर ऑडिट केलं होतं. दिग्रस, पुसद, दारव्हा, उमरखेड, कुठल्या सोसायटीचा चेअरमन त्यांच्यासमोर रागावला नव्हता? काही तर रडलेसुद्धा, आणि रडणाऱ्यांनीच जास्त खाल्लेलं असायचं. त्यांनी खेमसिंगचं नाव मनात तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक परत आला. चालक लालसिंग पांढरकवड्याचा, हैदराबाद रोडवर आयुष्य गेलेला. रिकामी फेरी झाली म्हणून तोही तणतणत होता. मधे कुठं थांबला होतास, कोणाला गठ्ठे दिलेस, असं सुचित्राबाईंनी विचारल्यावर त्याने ट्रकाचं फाळकं धाडकन खाली टाकलं.

"मॅडम, गठ्ठे चढवतानाच खणखण वाजत होते," तो म्हणाला. "मले वाटलं फुटले असतील आतमंदी. पत्रा वाजते का कवेलू वाजते, हे पाहाचं काम माहं नाही. तुम्ही तिथंच उभ्या होत्या."

हे लागलं. त्या उभ्या होत्या हे खरं. मोजत होत्या, ऐकत नव्हत्या.

पण यातून एक गोष्ट नक्की झाली. गठ्ठे चढवतानाच वाजत होते, तर अदलाबदल रस्त्यात झालेली नव्हती. ती रजतच्या गोदामातच झाली होती. लालसिंग सुटला.

त्यांनी पदर खोचला, नाकाला ओला रुमाल बांधला आणि ट्रकवर चढल्या. नागपूरच्या माणसांनी एका बाजूने चिरून पाहिले होते तेवढंच, बाकी गठ्ठे जसेच्या तसे होते. प्लॅस्टिक त्यांचंच, लाल चित्रंही त्यांचीच. मग त्यांचा हात एका गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर गेला आणि तिथंच थांबला.

कोपऱ्याला कान होता.

३

आता कान म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण सगळं प्रकरण त्या कानापाशी फिरलं.

कापसाचा बोरा भरला की हमाल तोंड शिवतात दाभणाने. शिवताना दोन्ही टोकांना मूठभर बारदाना मोकळा सोडतात आणि सुतळीने आवळून त्याचा गोंडा करतात. तो कान. दोघा हमालांनी दोन कान धरले की बोरा उचलता येतो. हे त्यांना कोणी शिकवत नाही आणि सांगून सुटतही नाही. जिनमधल्या हमालाला उशी शिवायला दिली तरी तो तिला कान काढेल.

सुचित्राबाईंनी खेमसिंगच्या माणसांना सुई-दाभण लावूच दिलं नव्हतं. प्लॅस्टिकला भोक पडलं की त्यातून धूळ निघते. घडी घालायची आणि चिकटपट्टी मारायची, एवढंच. आणि इथं चिकटपट्टीच्या खाली सुतळीची शिवण होती, अन् चारी कोपऱ्यांना चार कान. म्हणजे गठ्ठे कोणीही सोडलेले असोत, पुन्हा बांधले ते जिनच्या हमालांनी. खेमसिंगला आपण बाजारात उभं करून बोललो ते चुकलं हे सुचित्राबाईंना कळलं, पण त्याची माफी मागायला वेळ नव्हता. त्या तशाच रजतच्या दारात गेल्या.

रजत तिशीतला. बापाने जिन थाटात चालवली, याच्या वाट्याला ती कुलूप लावायला आली. जिनच्या ऑफिसात तो पंखा लावून नुसता बसलेला असायचा. गोदामाची किल्ली कोणाकोणाकडे होती असं विचारल्यावर त्याने खेमसिंगचं नाव घेतलं. खेमसिंगने तर काम संपल्या दिवशी किल्ली सुचित्राबाईंच्या हातात आणून दिली होती आणि त्यांनी ती रजतला परत केली होती. पहिल्याच उत्तरात तो खोटं बोलला. मग हमाल? हमाल पोळ्याले गावी गेलते, म्हणाला. सगळे? सगळे.

सुचित्राबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकचा कापलेला कोपरा काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. सुतळीने आवळलेला कान काचेवर उभा राहिला.

रजत त्याच्याकडे पाहत राहिला. तो चोर नव्हता, पण बावळट होता, आणि बावळट माणसाचा सुचित्राबाईंना चोरापेक्षा जास्त राग यायचा. किती पैसे मिळाले, कोणाला विकले, असं त्यांनी आवाज चढवून विचारलं. तेव्हा तो एकदम उखडला.

"विकले नाही काकू, एक रुपया घेतला नाही कोणी," तो म्हणाला. "पुण्याचं काम आहे म्हणूनच मी माणसं देल्ले. याच्या वर मले विचारू नका. मी शब्द देल्ला आहे."

शब्द कोणाला दिला ते त्याने सांगितलं नाही. हात जोडले, पंखा बंद केला आणि ऑफिसच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

४

पुण्याचं काम! सुचित्राबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन त्यांनी अंगणात एक गठ्ठा उतरवून घेतला, आतले कवेलू पाण्याने भिजवले आणि एकेक काढून भिंतीशी मांडायला लागल्या.

ऑडिटमध्ये त्यांचा एकच मंत्र होता. कोणतीही वस्तू हवेत जात नाही. एका ठिकाणी खर्ची पडली की दुसऱ्या ठिकाणी जमा झालेली असते. आतापर्यंत त्या पत्रे कुठं गेले हेच विचारत होत्या. चुकत होत्या. विचारायला पाहिजे होतं की हे कवेलू आले कुठून.

कवेलू काही दुकानातून आणून कोणी कचऱ्यात भरत नाही. हे जुने होते, शेवाळलेले, वानरांनी उड्या मारून टवके उडवलेले. म्हणजे कुठल्यातरी छपरावरून उतरवलेले. आणि छप्पर उघडं ठेवून कोणी बसत नाही, पावसाळा संपला नव्हता. ज्या छपरावरून हे कवेलू उतरले, त्याच छपरावर पत्रे चढले. इथले तिथं, तिथले इथं. एवढं सरळ होतं.

मग त्यांनी कवेलू उलटे करून पाहिले. बऱ्याच कवेलूंच्या पोटाला काजळी होती, जाड, तेलकट, वर्षानुवर्षं खाली चूल पेटलेली असावी अशी. म्हणजे खाली स्वयंपाक होत होता. कोणाच्यातरी घरातलं स्वयंपाकघर. पण मग एका कवेलूच्या काठाला खळीने चिकटलेली दोऱ्याची गाठ निघाली, आणि दोऱ्याला कागदाचा त्रिकोण. पाण्याने त्याचा रंग उतरला होता, तरी केशरी कळत होता. दुसऱ्या कवेलूला हिरवा.

पंधरा ऑगस्टच्या पताका.

सुचित्राबाई भिजलेल्या अंगणात तशाच खाली बसल्या. आपल्या स्वयंपाकघरात कोणी झेंड्याच्या पताका लावत नाही. शाळेची चूल वेगळ्या खोलीत असते. ज्या खोलीत चूलही पेटते आणि पंधरा ऑगस्टही साजरा होतो, अशी खेड्यातली खोली एकच. अंगणवाडी. एका कोपऱ्यात खिचडी शिजते, दुसऱ्या कोपऱ्यात लेकरं बसतात, जेवतात, आणि दुपारी तिथंच आडवी होतात. तीन वर्षांची, चार वर्षांची लेकरं. खुशीच्या वयाची.

जिल्ह्यात अंगणवाड्या काय कमी होत्या? पण त्यांना शोधत बसावं लागलं नाही. फाटकातून नंदकिशोर आत आला, हातात खुशीसाठी नवा फ्रॉक. भिंतीशी मांडलेल्या कवेलूंकडे त्याने पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग मोकळ्या आवाजात म्हणाला की उद्या फुलसावंगीकडे आपल्या शेताजवळच्या तांड्यात कार्यक्रम आहे, अंगणवाडीच्या नव्या छपराचा. लोकांनी फार आग्रह केला, सत्कार ठेवला आहे. खुशी मांडवात गाणं म्हणणार आहे. वहिनी, तुम्ही काय येता एवढ्या लांब, धूळ फार आहे.

सुचित्राबाईंनी त्याच्याकडे वर पाहिलं. दवाखान्यात शेजारी उभा राहून फोटो पाहणारा हा माणूस. भावाच्या तिरडीला खांदा देऊन रडलेला. लेकरू खोकतं म्हणून पत्रे काढा म्हणणारा. त्यांचा अजूनही विश्वास बसत नव्हता, म्हणजे बसवून घ्यायचा नव्हता. त्याला खरंच कळलं नसेल, असं एक मन म्हणत होतं. भाबडेपणाने दिले असतील.

"येते की," त्या म्हणाल्या. "तुमचा सत्कार मी पाहू नये काय, भाऊजी?"

५

तांडा माळावर होता. खाली कपाशीची पऱ्हाटी उभी होती, पण लाल्या रोग पडलेली, पानं करपल्यासारखी. अंगणवाडीसमोर लिंबाखाली मांडव घातला होता आणि सगळा तांडा जमला होता. तांड्याचा प्रमुख, किसनसिंग नायक, पागोटं बांधून सगळ्यांना बसवत होता. अंगणवाडीची ताई जमनी लेकरांना रांगेत उभं करत होती. सगळ्यांच्या केसांना तेल, कपाळाला टिकली.

सुचित्राबाई जीपमधून उतरल्या आणि कोणाशी न बोलता नाकाला ओला रुमाल बांधून अंगणवाडीच्या दाराशी गेल्या. उंबऱ्यावरूनच वर पाहिलं.

वर आभाळी निळा रंग होता. दिवाकररावांनी ब्रशाने मारलेला, मध्ये मध्ये थेंब ओघळलेला. खोली लहान होती म्हणून पत्रे कापले होते, कापलेली कड पांढरी, पिंजल्यासारखी दिसत होती. खाली जमीन मात्र लख्ख झाडलेली. कोपऱ्यात शिंदीचा झाडू उभा होता आणि त्याच्या मुळाशी पीठ सांडल्यासारखी पांढरी भुकटी होती.

जमनी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. छप्पर पोळ्याच्या सुमाराला बसलं, तिने आनंदाने सांगितलं. नंदकिशोर भाऊंनी ट्रॅक्टर लावून पत्रे धाडले, जुने कवेलूही नेऊन टाकतो म्हणाले. आता वानरांची भीती नाही. फक्त वरून रोज थोडं पांढरं पडते, ते ती सकाळी लेकरं यायच्या आधी झाडून घेते. दररोज घेते.

सुचित्राबाईंना रडू नाही आलं. आला तो राग.

मांडवात नंदकिशोरचं भाषण रंगात आलं होतं. बोलायला तो आधीपासून तरबेज, जिल्हा परिषदेची उमेदवारीही जवळ आलेली. या लेकरांच्या डोक्यावर छप्पर घालण्याचं भाग्य मला मिळालं, वगैरे. मग फोटोवाला पुढे आला आणि नंदकिशोर म्हणाला, चला रे पोरांनो, आत बसा, नव्या छपराखाली फोटो काढू.

लेकरं आनंदाने दाराकडे धावली. सुचित्राबाई दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभ्या राहिल्या.

"कोणी आत जायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे पत्रे माझ्या घरचे आहेत. यांच्यापायी माझा नवरा मेला."

नंदकिशोरने डोळे मोठे केले. अरे बाप रे, म्हणाला. आपले? मले काय माहीत वहिनी? मी तर पुसदच्या भंगारवाल्याकडून घेतले, उतरलेले कवेलूही त्यालेच देल्ले. तुमचे पत्रे ज्यानं चोरले त्यानंच त्याले विकले असतील. मी साधा माणूस, पत्रा म्हणजे पत्रा समजून राह्यलो. त्याने नायकाकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि लोक त्याच्या बाजूने हळहळायलाही लागले. भाऊंचा काय दोष.

सुटला असता. दाभणाचे कान रजतपर्यंत नेत होते आणि रजत शब्द पाळणारा होता. कवेलू इथवर आणत होते, पण भंगारवाल्याच्या गोष्टीने ते सगळं झाकलं जात होतं. एकच प्रश्न उरला होता, की याला माहीत होतं का. आणि माहीत असल्याचा पुरावा कागदावर सापडत नाही, तो माणसाच्या पोटात असतो. सुचित्राबाईंनी एकदम आवाज मऊ केला.

"मग ठीक आहे, भाऊजी. माझीच चूक झाली असेल. भंगारवाल्याचे म्हणजे दुसरे असतील, चांगले असतील." त्यांनी दारातून एक हात काढला. "खुशी, ये बेटा. नवा फ्रॉक घातला ना? फोटोत पहिली तू बस. चल, आत."

खुशी मांडवातून पळत आली. सुचित्राबाईंनी तिचा हात धरला आणि उंबऱ्याकडे वळल्या. पुढचं पाऊल त्या टाकणारच नव्हत्या, पण हे नंदकिशोरला ठाऊक नव्हतं.

"वहिनी, नाही!" तो खुर्ची पाडून उठला. "तिले आत नेऊ नका! तिच्या छातीत जाईन ते!"

त्याने धावत येऊन खुशीला हिसकून घेतलं आणि उचलून छातीशी धरलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. सगळा तांडा त्याच्याकडे पाहत होता.

जमनी लेकरांच्या रांगेपुढे उभी होती. ती ओरडली नाही.

"काहून, भाऊ?" तिने विचारलं. "आमच्या लेकरायले छाती नसते का?"

६

नंतर तो बोलला, पण तोवर त्याच्या बोलण्याला किंमत राहिली नव्हती. त्याने तांड्याला छप्पर कबूल केलं होतं, नवे पत्रे महाग, आणि घरचे तर फेकायलाच चालले होते. रजतला पुण्याचं काम म्हणून सांगितलं, त्याचे हमाल घेतले. वहिनी गठ्ठे मोजून चढवतील हे ठाऊक होतं म्हणून उतरवलेले कवेलू त्यात भरायला लावले. कवेलू गठ्ठ्यात गेले की तेही पुरले जातील, मग कोणाला पत्ता लागणार? सगळं नीट जुळवलं होतं. हमालांनी सवयीने कान काढले, तेवढंच त्याच्या हिशेबात नव्हतं.

"दिवसातून दोन-चार तास तर बसतात तिथं लेकरं, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "आपण चोवीस तास राहत होतो."

सुचित्राबाईंनी आयुष्यात बऱ्याच चोरांची तोंडं पाहिली होती. इतकी किळस त्यांना कोणाची आली नव्हती. माहीत नसणाऱ्याला सांगता येतं. याला सगळं माहीत होतं, दवाखान्यात फोटोसमोर उभं राहून कळलेलं होतं, आणि त्याने ते ज्ञान फक्त आपल्या नातीपुरतं वापरलं. पोलिसात तक्रार त्यांनी स्वतः दिली, दिराचं नाव घालून. रजतने मान खाली घालून जबाब दिला. किसनसिंग नायकाने सत्काराचा नारळ-शेला हातात न देता जीपमध्ये ठेवून दिला आणि सांगितलं की भाऊ, मत मागाले या तांड्यात येऊ नका.

खेमसिंगकडे सुचित्राबाई त्याच टपरीवर गेल्या आणि ज्या चार लोकांत बोलल्या होत्या त्यांच्यासमोरच माफी मागितली. त्याने अंगणवाडीत लेकरं किती आहेत ते विचारलं, आणि दुसऱ्याच दिवशी माणसं घेऊन तांड्यात आला.

लेकरांची खिचडी लिंबाखाली हलली. खोलीकडे कोणी फिरकू नये म्हणून दोरी बांधली. पुन्हा तेच सगळं, साबणाचं पाणी, मास्क, बोल्ट हळूच फिरवणं. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्यांनी पुसून घ्यायची आणि फडकीही गठ्ठ्यात टाकायची. लालसिंगने कवेलू परत आणून दिले, भाडं घ्यायला नाही म्हणाला. बायांनी ते धुऊन पुसून ठेवले. वानरं पुन्हा फोडणार होती, फोडू द्या म्हणाल्या.

जमनी लिंबाच्या पारावर बसून हे सगळं पाहत होती. सुचित्राबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"बाई," जमनी मग म्हणाली, "पत्रे तर तुम्ही घेऊन जासान. मी पोळ्यापासून रोज झाडलं, त्याचं काय? लेकरं त्याच्यातच निजले. ते पाणी मारून निघते का?"

आयुष्यभर सुचित्राबाईंनी दुसऱ्यांना प्रश्न विचारले होते. त्यांना वाटलं, सांगावं की थोडेच दिवस गेलेत, काही होणार नाही. कदाचित ते खरंही असेल. पण या बाईला एकदा गोड बोलून फसवलं गेलं होतं.

"निघत नाही," त्या म्हणाल्या. "पण दर वर्षी मी येईन आणि तुला अन् या लेकरांना नागपूरच्या डॉक्टरकडे नेईन. मी जिवंत आहे तोवर."

जमनीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. ती उठली आणि दोरीपाशी जाऊन उभी राहिली. आत खेमसिंग शेवटचा गठ्ठा बंद करत होता. तिने त्याला हाक मारून कोपऱ्यातल्या झाडूकडे बोट दाखवलं. त्याने तो ओल्या फडक्यात गुंडाळला, पत्र्यांवर आडवा ठेवला, आणि प्लॅस्टिकची घडी घालून चिकटपट्टी मारली.